न दुखणारा मुखव्रण आणि आपली जबाबदारी

'तोंड आले आहे' ही आपल्या चिकित्सालयात दररोज ऐकू येणारी तक्रार आहे. रुग्ण स्वतःच 'उष्णता वाढली' असे निदान करून येतो, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. कामदुधा, खदिरादी वटी, इरिमेदादी तेलाचा गंडूष आणि तिखट-आंबट वर्ज्य, एवढ्यावर काम भागते. परंतु आपल्याच भाषेत 'उष्णता' आणि 'गरमी' हे दोन शब्द लोक निरनिराळ्या अर्थांनी वापरतात. पहिल्याने पित्ताचा बोध होतो, दुसऱ्याने फिरंगाचा. मुखरोगाच्या रुग्णाची परीक्षा करताना दुसऱ्या शब्दाचे स्मरण आपल्याला क्वचितच होते. त्या विस्मरणाविषयी हे लिहीत आहे, आणि आरंभ स्वतःच्या चुकीपासून करणे मला उचित वाटते.

काही वर्षांपूर्वी एक तरुण खालच्या ओठावरील व्रण दाखवण्यास आला. व्रण एकच होता, कडा उंचावलेल्या व कठीण, दाह नाही, वेदना नाही. हनुवटीखालील ग्रंथी वाढलेली होती. मी पित्तशामक औषधे व प्रतिसारणासाठी मधासह चूर्ण दिले. महिन्याभरात व्रण निःशेष भरून आला. रुग्ण संतुष्ट झाला आणि मीही. सुमारे तीन महिन्यांनी तो पुन्हा आला, तेव्हा तळहात व तळपायांवर ताम्रवर्ण डाग होते आणि गालाच्या आतील बाजूस करडे-पांढरे चट्टे होते. त्या वेळी रक्ततपासणी केली. जी तपासणी पहिल्या भेटीत सुचायला हवी होती, ती दुसऱ्या भेटीत सुचली. मधल्या काळात त्याच्याकडून आणखी कोणास संसर्ग झाला असेल, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

या व्याधीचे वैशिष्ट्य असे, की त्याचा प्रथम व्रण औषधाविनाही भरतो. संसर्गानंतर साधारणतः तीन आठवड्यांनी जंतूच्या प्रवेशस्थानी तो उत्पन्न होतो. जननेंद्रियाबाहेरील स्थानांत ओठ, जीभ व गलतुंडिका ही प्रमुख होत. तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप नाहीसा होतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणाऱ्या मुखव्रणात अर्बुदाची शंका घ्यावी, हा नियम तंबाखूच्या या प्रदेशात आपण सर्वांनी अंगी बाणवला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु फिरंगाचा व्रण त्या नियमातून निसटतो. तो भरतो, आणि यश आपल्या वटीच्या पदरात पडते. व्याधी मात्र रक्तात असतो.

द्वितीय अवस्थेत तोंडात श्लेष्मल चट्टे येतात. ते कधी एकमेकांस मिळून गोगलगायीच्या वाटेसारखे वळणदार दिसतात, तर कधी ओठांच्या कोपऱ्यात चिरलेल्या पिटिका होतात. हे चट्टे अत्यंत संसर्गजन्य असतात. तेही कालांतराने नाहीसे होतात. अनेक वर्षांनंतर काही रुग्णांत कठीण ताळूस छिद्र पडते, पाणी व अन्न नाकातून येऊ लागते आणि उच्चार अनुनासिक होतो. गर्भावस्थेत मातेकडून संसर्ग झालेल्या बालकाचे कायमचे पुढचे दात टोकाकडे निमुळते व खाचयुक्त येतात, आणि पहिल्या दाढा तुतीच्या फळासारख्या खडबडीत दिसतात. दातांवर उमटलेली ही खूण कोणत्याही औषधाने पुसली जात नाही. गर्भवतीची वेळेवर केलेली रक्ततपासणी व उपचार मात्र ती टाळू शकतात.

हा इतिहासजमा झालेला रोग आहे, असे काहींना वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 या एकाच वर्षात 15 ते 49 वयोगटातील सुमारे 80 लक्ष व्यक्तींना याची नव्याने लागण झाली.

फिरंगाचे स्वतंत्र वर्णन आपल्या भावप्रकाशात आहे, याचा आपण सभा-संमेलनांत सार्थ अभिमान सांगतो. परंतु भावमिश्रांनी नेमके काय केले, ते पाहावे. सोळाव्या शतकात परकीयांबरोबर आलेला एक नवा व्याधी त्यांनी पाहिला. जुन्या उपदंशात त्याला कोंबून न बसवता त्यांनी त्याला वेगळे नाव दिले. चोपचिनी हे परदेशातून आलेले द्रव्य त्यांनी निःसंकोच स्वीकारले. याच चोपचिनीची चर्चा 1563 साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथातही आहे. रसकर्पूर देताना ते गव्हाच्या पिठाच्या गोळीत झाकून, लवंगचूर्णात घोळवून, दातांना स्पर्श न होऊ देता गिळावे, असे त्यांनी सांगितले. पारदकल्पाने लाला वाहते, हिरड्या सुजतात व दात हलतात, हे जाणणाऱ्या वैद्याची ती दक्षता होती.

'मग आपल्याच ग्रंथोक्त चिकित्सेने हा रोग का बरा करू नये?' असे माझे काही ज्येष्ठ स्नेही विचारतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून मी म्हणेन, की आपल्या औषधाने लक्षणे शमली की व्याधी आपणहून लपला, हे केवळ दर्शनाने ठरवता येत नाही. उलट आरंभीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनची 24 लक्ष युनिटची एक मात्रा सामान्यतः पुरेशी ठरते, हे निर्विवाद आहे. भावमिश्र आज असते, तर चोपचिनीप्रमाणेच त्यांनी पेनिसिलिनचीही नोंद केली असती, असे माझे मत आहे.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींना माझी विनंती आहे. एकाकी, कठीण व वेदनारहित मुखव्रण दिसल्यास, तसेच मुखातील चट्ट्यांसोबत तळहात-तळपायांवर डाग दिसल्यास, औषध लिहिण्यापूर्वी व्हीडीआरएल व टीपीएचए तपासणी सांगावी. अगदी आरंभी ती नकारात्मक येऊ शकते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा करावी. तोंडातील व्रण अन्य जंतूंच्या संसर्गाने दुखूही शकतो, तेव्हा केवळ वेदनेवर विसंबू नये. हातमोजे वापरावेत. प्रश्न एकांतात व दोषारोप न करता विचारावेत. तपासणी सकारात्मक आल्यास रुग्णास, आणि त्याच्या जोडीदारासही, त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञाकडे किंवा शासकीय रुग्णालयात पाठवावे. बल्य व पथ्याची बाजू आपण खुशाल सांभाळावी.

औषधी विक्रेत्यांचे दायित्वही मोठे आहे, कारण तोंड आलेला रुग्ण प्रथम त्यांच्याच दुकानात जातो. तेच मलम किंवा तीच वटी तिसऱ्यांदा मागणाऱ्यास 'एकदा वैद्यांना दाखवा' एवढे म्हणावे. रसकर्पूर औषधी कायद्याच्या ई-1 परिशिष्टातील विषद्रव्यांत मोडते. ते असलेला कल्प वैद्याच्या देखरेखीविना देऊ नये. 'गरमीवर रामबाण' अशा जाहिरातीस 1954 च्या कायद्याने बंदी आहे, हेही ध्यानी असावे.

व्रण भरला म्हणजे रुग्ण बरा झाला, असे मानण्याची सवय आपल्या सर्वांनाच आहे. या एका व्याधीपुरती तरी ती आपण मोडली पाहिजे.