जुन्या विमानाला नवी बॅटरी घालण्याआधी

आमच्या गॅरेजच्या छताला एक विमान कित्येक वर्षं टांगलेलं होतं. बाल्सा लाकडाचा सांगाडा, वर पिवळं आवरण, पंख सव्वापाच फूट. 2003 साली मुलगा दहा वर्षांचा होता, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून ते जोडलं. आम्ही ओहायोत डेटनजवळ राहतो. हे राइट बंधूंचं गाव, आणि ते वर्ष त्यांच्या पहिल्या उड्डाणाच्या शंभरीचं. साहजिकच घराघरात विमानाचं वेड शिरलं होतं. दोन-तीन उन्हाळे ते रिमोटवर उडवलं. मग मुलगा मोठा झाला, कॉलेजला गेला, आणि विमान छताला गेलं.

या वसंतात पाच वर्षांच्या नातीने वर बोट दाखवून विचारलं, "आबा, हे खरंच उडतं?"

उडत नव्हतं. बॅटरी केव्हाच मेली होती, सेलच्या टोकांना पांढरी बुरशी आल्यासारखं दिसत होतं. मुलगा म्हणाला, "बाबा, कशाला खटाटोप करतोस? दीडशे-दोनशे डॉलरमध्ये फोमचं नवं विमान येतं, डब्यातून काढलं की उडतं." दुसरीकडे मैदानावरचे ओळखीचे लोक म्हणाले, "लिथियम पॉलिमर घाल, विमान रॉकेटसारखं जाईल." मी दुसऱ्यांचं ऐकलं, आणि तेही अर्धवट. आयुष्यभर इंजिनिअर म्हणून नोकरी केलेल्या माणसाने करू नये ते केलं. तीन सेलची, 11.1 व्होल्टची बॅटरी आणून जुन्या वायरींना जोडली. विमान टेबलाला बांधून फुल थ्रॉटल दिला. दहा-बारा सेकंदांत जळका वास आला आणि स्पीड कंट्रोलरमधून धूर निघाला. नशीब, हे हवेत झालं नाही आणि नात जवळ नव्हती.

चूक संपूर्ण माझीच होती. पण त्यातून माझं जे मत बनलं ते इथे मांडतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या गॅरेजमध्ये असं एखादं विमान धूळ खात असेल, आणि हल्ली 'बॅटरी बदलली की झालं' हा सल्ला सर्रास दिला जातो. माझं म्हणणं असं, की जुनं विमान फेकू नका, पण नुसती बॅटरी बदलून 'अपग्रेड' झालं असंही समजू नका.

आधी साधं गणित पाहू. जुन्या निकेल-कॅडमियम किंवा निकेल-मेटल हायड्राइड सेलचं नाममात्र व्होल्टेज 1.2. असे सात सेल म्हणजे 8.4 व्होल्ट. पण मोटर जोरात ओढायला लागली की हे व्होल्टेज साडेसातच्या आसपास उतरतं. लिथियम पॉलिमरचा एक सेल 3.7 व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2. म्हणजे सात निकेल सेलची जागा घ्यायला दोन लिथियम सेल जवळजवळ बरोबर बसतात. मी तीन घातले. व्होल्टेज दीडपट झालं. प्रोपेलर तोच ठेवला तर मोटरचा करंट ढोबळमानाने दुपटीच्या पुढे जातो आणि पॉवर तिपटीच्या आसपास. माझी ब्रशवाली जुनी मोटर 20 अँपिअर घ्यायची आणि कंट्रोलर 30 चा होता. तो जळणारच होता, त्यात त्याचा काय दोष!

बरं, दोन सेल घातले म्हणजे सगळं ठीक झालं असंही नाही. निकेलच्या काळातला कंट्रोलर बॅटरी पाच-साडेपाच व्होल्टवर आली तरी मोटर चालू ठेवतो, कारण निकेलला ते चालतं. लिथियमचा सेल तीन व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडतो. पुढच्या चार्जिंगला तो फुगतो, आणि फुगलेल्या बॅटरीचं काय होऊ शकतं हे सांगायला नको. म्हणून एक तर लिथियमसाठी बनवलेला कंट्रोलर घ्या, नाही तर बॅटरीला लावायचा तो छोटा अलार्म घ्या. दहा डॉलरच्या आत मिळतो. सेलमागे 3.5 व्होल्टला किंचाळेल असा लावला की विमान उतरवायला वेळ मिळतो.

दुसरी गोष्ट वजनाची. माझी जुनी सात सेलची बॅटरी 400 ग्रॅमच्या आसपास होती. नवी दोन सेलची 3000 मिलिअँपिअर-अवरची भरते पावणेदोनशे ग्रॅम. वाटतं, वा, विमान हलकं झालं! पण वजन कमी झालं ते नाकातून. गुरुत्वमध्य मागे सरकला की शेपूट जड होते, आणि शेपूट जड असलेलं विमान हातात राहत नाही. नाक जड असेल तर नीट उडत नाही एवढंच. शेपूट जड असेल तर बहुधा एकदाच उडतं. तेव्हा पहिल्या उड्डाणाआधी पंखाखाली दोन बोटं धरून तोल बघा. पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव ते एक तृतीयांश भागात तो यायला हवा. नकाशा जपून ठेवला असेल तर त्यावर खूण असतेच. मला बॅटरी दोन इंच पुढे सरकवावी लागली आणि वर थोडं शिसंही चिकटवावं लागलं.

तिसरी गोष्ट चार्जरची, आणि इथे मी हात जोडून सांगतो. निकेलचा चार्जर लिथियमला कधीही लावू नका. दोघांची चार्ज करायची पद्धतच वेगळी आहे. लिथियमसाठी प्रत्येक सेल सारखा ठेवणारा बॅलन्स चार्जर लागतो. 3000 च्या बॅटरीला 3 अँपिअरपेक्षा जास्त वेग नको. चार्जिंग लावून बाजारात जाऊ नका, रात्री झोपूही नका. इथल्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये शून्याच्या खाली तापमान जातं, तेव्हा तिथे चार्ज करू नका. आणि मोसम संपला की बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न ठेवता सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेवा. हे सगळं जमणार नसेल तर लिथियमच्या वाटेला जाऊ नये.

आता अनेकांना पटणार नाही असं माझं मत. ज्याला हे विमान वर्षातून दोन-चार वेळा नातवंडांसाठी उडवायचं आहे, त्याने सरळ सात सेलची नवी निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी घ्यावी. वजन साधारण तेच, व्होल्टेज तेच, जुना कंट्रोलर खूश. तिला आग लागायची भीती फार कमी. विमान 2003 सारखंच उडेल, आणि तेच तर आपल्याला हवं असतं ना? ज्याला खरंच जोर हवा, त्याने मोटर, कंट्रोलर, प्रोपेलर आणि बॅटरी असा पूर्ण संच एकमेकांना जुळवून बदलावा. माझा कंट्रोलर जळलाच होता, म्हणून मी लिथियमला चालणारा नवा कंट्रोलर आणि दोन सेल असा रस्ता धरला. आधी जेमतेम पाच मिनिटं उडायचं, आता सात मिनिटं उडतं. मला तेवढं पुष्कळ आहे.

रिमोट आणि रिसीव्हरकडेही बघा. माझा रिमोट 72 मेगाहर्ट्झचा, आत आठ निकेल सेल. तेही मेले होते. ते बदलून, अँटेना आत सारून तीस पावलं चालत जाऊन सगळे कंट्रोल तपासले, मगच मैदानात गेलो. विमान जुनं असलं तरी नियम नवे आहेत हेही विसरू नका. अमेरिकेत 250 ग्रॅमच्या वरच्या मॉडेलसाठी एफएएकडे नाव नोंदवावं लागतं, विमानावर तो नंबर लिहावा लागतो आणि एक छोटी ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते. ती फुकट आहे.

आणि एक गोष्ट भारतातल्या नातेवाइकांसाठी. हे सगळं फोनवर ऐकून पुण्याचा पुतण्या म्हणाला, "काका, येताना माझ्यासाठी दोन बॅटऱ्या घेऊन ये ना." मी नाही म्हणालो, आणि त्याला थोडा राग आला. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत घालायला मनाई आहे. केबिन बॅगेत नेता येतात, 100 वॉट-अवरपर्यंत, टोकं टेपने झाकून. त्या हिशोबात त्याच्या बॅटऱ्या आरामात बसतात. पण तशाच बॅटऱ्या आता भारतात ऑनलाइन मिळतात. मग तीनशे माणसांच्या विमानातून मी त्या कशासाठी न्यायच्या? 'अमेरिकेतून आणलेली' या दोन शब्दांसाठी? आपण वर्षानुवर्षं चॉकलेटं आणि फोन नेले, पण ही वस्तू त्या यादीत नको. त्याला मी सांगितलं, बॅटरी तिथेच घे, तोल आणि चार्जर याबद्दल व्हिडिओ कॉलवर बोलू. आणि लोहगावच्या आसपास उडवायचा विचारही करू नकोस.

जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी मात्र कचऱ्यात टाकू नका. कॅडमियम विषारी आहे. इथे बऱ्याच हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत दारापाशीच अशा बॅटऱ्या गोळा करण्याचा डबा असतो.

मे महिन्यात एका रविवारी सकाळी विमान उडालं. मुलगाही आला होता, 'खटाटोप' म्हणणारा. दोन फेऱ्या झाल्यावर रिमोट त्याने माझ्या हातातून घेतला, तो उतरवेपर्यंत परत दिला नाही. वीस वर्षांनीही त्याचं लँडिंग माझ्यापेक्षा चांगलं आहे. नात आता रोज विचारते, आज वारा आहे का म्हणून.