गाण्याआधीचा गळा

यवतमाळ जिल्ह्यात तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) भजने आजही खंजिरीवर रंगतात. परंतु पहिल्याच भजनात तारसप्तक गाठण्याची चढाओढ मला खटकते. शास्त्रीय गायक पहाटे खरज भरतात, म्हणजे मंद्र सप्तकातले दीर्घ स्वर लावतात. तेथे स्वरतंतू सैल राहून सावकाश कंप पावतात. ताठ कणा, मोकळे खांदे आणि बरगड्या फुलवणारा श्वास यांची घडी तेवढ्यात बसते. ही चैन घराणेदार गवयांचीच का मानावी? दिवसभर कापूस वेचून आखडलेल्या देहाला तिची गरज अधिकच. मिटल्या ओठांनी पाच मिनिटे गुणगुणले तरी आवाज तापू लागतो. (अभंग शिकवणारे आपण प्राध्यापक तरी काय वेगळे करतो? थेट घशातून वाचतो आणि तासभर आशय उलगडत बसतो.)