हिरकणीचा कडा आणि आपले माहितीसाठे

रायगडावरच्या हिरकणीची कथा मराठी घरांतील मुले लहानपणीच ऐकतात. सायंकाळी गडाचे दरवाजे बंद झाले, दूध घालायला आलेली गवळण आत अडकली, घरी तान्हे बाळ आणि पहारेकरी नियम मोडायला तयार नाहीत. अखेर ती माउली काळोखात कडा उतरून बाळापाशी पोहोचली. ही कथा आपण मातृप्रेमाची म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्या उत्तरार्धाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. जेथून एक स्त्री उतरू शकते, तेथून शत्रू चढूही शकतो, हे शिवछत्रपतींनी ओळखले. त्यांनी हिरकणीचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधविला. ही आख्यायिका आहे असे मानले, तरी तिच्यातील राज्यव्यवहाराचा धडा पक्का आहे. आपली तटबंदी अभेद्य आहे, या समजुतीत राहणे हाच मोठा धोका असतो.

आज समाजाचे धन केवळ तिजोरीत नसते. पतसंस्थेच्या सभासदांची खाती, रक्तपेढीच्या दात्यांचे पत्ते, वसतिगृहातील मुलामुलींची माहिती, रुग्णालयातील आजारांच्या नोंदी हे सारे संगणकातील डेटाबेसमध्ये साठविलेले असते. हे साठे सांभाळणाऱ्या अनेक प्रणाली मुक्तस्रोत, म्हणजे ओपन सोर्स आहेत. मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेस ही त्यांतील परिचित नावे. त्यांची मूळ संहिता सर्वांना खुली असते. ती कोणीही वाचावी, वापरावी, सुधारावी. परवान्यासाठी पैसे मोजावे लागत नसल्याने लहान संस्थांना हे वरदानच ठरले. ज्ञान कुलुपात ठेवू नये, या आपल्या परंपरेशीही ते जुळणारे आहे. भारत सरकारनेही २०१५ मध्ये आपल्या कारभारात मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

मात्र या वरदानाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

तीन घटना, तीन धडे

पहिली घटना जून २०१२ मधील. मायएसक्यूएल व मारियाडीबी यांच्या काही प्रतींमध्ये संकेतशब्द, म्हणजे पासवर्ड पडताळणाऱ्या भागात एक चूक असल्याचे उघड झाले. या चुकीमुळे वापरकर्त्याचे नाव ठाऊक असेल, तर चुकीचा संकेतशब्दही सरासरी २५६ प्रयत्नांत एकदा खरा मानला जाई. माणसाला एवढे प्रयत्न कंटाळवाणे वाटतील. यंत्राला त्यासाठी क्षणही पुरतो. सर्वच प्रतींत हा दोष नव्हता आणि दुरुस्तीही उपलब्ध झाली. पण ती दुरुस्ती ज्यांनी बसविली नाही, त्यांच्या दाराचे कुलूप केवळ शोभेपुरते उरले होते.

दुसरी घटना त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील. मायएसक्यूएलचे साठे हाताळण्यासाठी पीएचपीमायअ‍ॅडमिन हे साधन जगभर वापरले जाते. सोर्सफोर्ज या वितरण केंद्राच्या कोरियातील एका सर्व्हरवर या साधनाची जी प्रत ठेवलेली होती, तीत कोणीतरी एक फाइल घुसडली. त्या फाइलच्या आधारे परक्या माणसाला त्या संगणकावर हवी ती आज्ञा चालविता येत असे. शोध लागेपर्यंत सुमारे चारशे जणांनी ती प्रत उतरवून घेतली होती. मूळ कर्त्यांचा येथे काहीच दोष नव्हता. दूध शुद्ध होते, वाटेत कोणी कालवाकालव केली होती. आपण घेतलेली प्रत मूळ प्रतीशी ताडून पाहण्याची सोय अशा प्रकल्पांत असते. ती वापरतो कोण?

तिसरी घटना जानेवारी २०१७ मधील. मोंगोडीबी ही प्रणाली त्या काळी मुक्तस्रोत परवान्याखाली मिळत असे. तिच्या जुन्या आवृत्त्या बसविल्या की त्या संकेतशब्दाविना चालत आणि महाजालाला थेट उघड्या राहू शकत. चोरट्यांनी असे उघडे साठे शोधून रिकामे केले आणि मागे बिटकॉइनमध्ये खंडणी मागणारी चिठ्ठी ठेवली. दोन आठवड्यांच्या आत ही संख्या पंचवीस हजारांच्या पुढे गेली. कित्येक ठिकाणी चोरट्यांनी माहितीची प्रतही ठेवलेली नव्हती; ज्यांनी खंडणी भरली, त्यांचे धनही गेले आणि माहितीही. या प्रकारात कोणतेही कुलूप फोडावे लागले नाही. दारच उघडे होते.

दोष मोकळेपणाचा की अनास्थेचा?

हे वाचून कोणी म्हणेल, फुकटचे ते पौष्टिक कसे असणार? त्यापेक्षा मोठ्या परदेशी कंपनीची बंद प्रणाली विकत घ्यावी. हा निष्कर्ष घाईचा आहे. २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर नावाच्या किड्याने दहा मिनिटांत सुमारे ७५ हजार संगणक बाधित केले. तो मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या बंद, विकत घ्याव्या लागणाऱ्या प्रणालीतील छिद्रातून शिरला होता. त्या छिद्राची दुरुस्ती सहा महिने आधीच उपलब्ध होती. ती बसविण्याची तसदी अनेकांनी घेतली नव्हती. प्रणाली खुली असो वा बंद, घात झाला तो अनास्थेमुळे.

उलट मोकळेपणाचे सामर्थ्य मार्च २०२४ मध्ये दिसले. पोस्टग्रेसच्या विकासात काम करणारे अँड्रेस फ्रॉइंड आपल्या प्रणालीची गती मोजत होते. संगणकात दुरून प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, एवढेच त्यांना खटकले. त्यांनी माग काढला, तेव्हा एक्सझेड नावाच्या एका लहानशा मुक्तस्रोत साधनात चोरवाट पेरलेली आढळली. ते साधन मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून विश्वास मिळविला आणि मग घात केला. नावाच्या ध्वनीवरून एखाद्या देशाकडे बोट दाखविण्याचा मोह होईल. परंतु ते नाव खरे मानायला आधार नाही आणि पुराव्यावाचून केलेला आरोप सुरक्षेच्या कामाचा नसतो. आपल्याला घ्यायचा बोध वेगळाच आहे. संहिता खुली होती म्हणून एका जागरूक माणसाला कडा तपासता आला. आणि तो सांभाळणारा माणूस एकटा, थकलेला होता म्हणूनच शत्रूला तेथे शिरता आले.

गावची विहीर सर्वांची असते. पण गाळ काढायच्या दिवशी कोणीच फिरकले नाही, तर ती लवकरच कोणाचीच राहत नाही. मुक्तस्रोत प्रणालींचे आज नेमके हेच झाले आहे. पाणी भरणारे कोट्यवधी, गाळ काढणारे मूठभर!

आपल्या घरचे काय?

आपल्या परिचयाच्या संस्थांकडे पाहावे. एखादा उत्साही तरुण कार्यकर्ता रात्री जागून प्रणाली बसवून देतो. सारे त्याचे कौतुक करतात. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला, बंगळूरला किंवा अमेरिकेला जातो. प्रणाली चालत राहते, म्हणून ती सुरक्षित आहे असे सर्वांना वाटते. तिची आवृत्ती कोणती, संकेतशब्द कोणाकोणाला ठाऊक आहे, प्रत कोठे ठेवली आहे, हे कार्यकारिणीत कोणालाच सांगता येत नाही. इमारतीच्या रंगरंगोटीसाठी अंदाजपत्रकात तरतूद असते. या तटबंदीसाठी नसते.

लोक आपल्या संस्थांकडे पैसा देतात, त्याबरोबर विश्वासही देतात. एका मातेने मुलीची माहिती वसतिगृहाच्या स्वाधीन केली, तेव्हा तिने कोणत्याही करारावर नव्हे, आपल्या शब्दावर भरवसा ठेवला. पैसा गेला तर वर्गणी काढून पुन्हा उभा करता येईल. गेलेली माहिती आणि उडालेला विश्वास परत आणता येत नाही. आता कायद्याचीही जोड आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची सूचना सहा तासांत द्यावी लागते. व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात सुरक्षेतील कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद असून तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. पण सेवाभावी संस्थेने कायद्याच्या धाकाची वाट का पाहावी?

स्वदेशीचा अर्थही येथे नव्याने समजून घ्यावा लागेल. दुसऱ्यांनी श्रमाने उभे केलेले साधन फुकट वापरणे म्हणजे स्वावलंबन नव्हे. ते समजून घेणे, दुरुस्त करता येणे आणि त्या दुरुस्तीत आपला वाटा उचलणे हे स्वावलंबन होय. जर्मनीने २०२२ मध्ये सॉव्हरिन टेक फंड स्थापून अशा पायाभूत मुक्त साधनांच्या देखभालीसाठी सरकारी निधी देण्यास आरंभ केला. संगणकतज्ज्ञांची एवढी मोठी फौज असलेल्या भारताला हे अशक्य नाही. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी प्रकल्पाच्या नावाखाली जुन्या वह्या उतरविण्याऐवजी पोस्टग्रेस, मारियाडीबी यांतील एकेक दोष शोधून दुरुस्त केला, तर ती राष्ट्रसेवाच ठरेल. आणि एखाद्या तरुणाने आपल्या संस्थेच्या प्रणालीतील उणीव प्रामाणिकपणे नजरेस आणून दिली, तर त्याला चोर ठरवू नये. हिरकणीला महाराजांनी कसे वागविले, ते आठवावे.

शासन काय करील ते करो. आपल्या संस्थेच्या पुढील बैठकीत कार्यकर्त्यांनी चार प्रश्न विचारावेत. या प्रणालीची जबाबदारी नावाने कोणावर आहे? शेवटची दुरुस्ती कधी बसविली? हा साठा महाजालावरून थेट उघडता येतो काय? वेगळी ठेवलेली प्रत पुन्हा उभी करून कोणी कधी पाहिली आहे काय? उत्तरे मिळाली तर आनंदच आहे. न मिळाली, तर बुरूज कोठे बांधायचा हे त्याच बैठकीत ठरवावे आणि त्यासाठी माणूस व पैसा दोन्ही द्यावेत.