विश्लेषण : जुन्या बसचा गिअरबॉक्स, बदलायचा, की गाडीच मोडीत काढायची?

पालघर, बोईसर, जव्हार या पट्ट्यात एसटी रस्त्यात बंद पडली तर आता कुणाला नवल वाटत नाही. टायर फुटला तर तासाभरात गाडी पुढे निघते. गिअरबॉक्स गेला तर मात्र ती गाडी टोइंग करूनच आगारात न्यावी लागते आणि पुढचे काही दिवस तो फेराच रद्द होतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरून शाळेला येणारी मुलगी, बोईसर स्थानकात उतरून तारापूर औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी गाठणारा कामगार, पालघरला तपासणीसाठी निघालेली गरोदर बाई यांना कुठला भाग निकामी झाला याच्याशी देणेघेणे नसते. गाडी आली नाही, एवढेच त्यांना कळते. म्हणूनच जुन्या बसच्या गिअरबॉक्सचा विषय निव्वळ मेकॅनिकचा राहत नाही.

गिअरबॉक्सचे काम नेमके काय?

डिझेल इंजिनाची खरी ताकद फेऱ्यांच्या ठरावीक टप्प्यातच मिळते. भरलेली बस जागेवरून हलवायला जोर लागतो, वेग लागत नाही. सपाट महामार्गावर नेमके उलटे असते. ही अदलाबदल गिअरबॉक्स करतो. बसच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या साधारण सहा-सात फेऱ्यांमागे प्रॉपेलर शाफ्टची एक फेरी होते. पाच गिअरच्या जुन्या गाडीत टॉप गिअरला दोघांच्या फेऱ्या जवळपास सारख्या होतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. पेडल दाबले की इंजिन तेवढ्यापुरते सुटे होते आणि गिअर बदलता येतो.

अगदी जुन्या गाड्यांत दातेरी चाके एकमेकांवर सरकवून गिअर पडत असे. चालकाला दोनदा क्लच दाबून, मध्ये ॲक्सिलरेटर देऊन वेग जुळवावा लागे. तो चुकला की खडखडाट सगळ्या गाडीत ऐकू येई. पुढे सिंक्रोमेश आला. त्यातल्या पितळी रिंगा दोन्ही चाकांचे वेग आधी जुळवतात आणि मग गिअर बसतो. आजच्या लालपरीचा गिअर सहज पडतो तो या रिंगांमुळे, आणि झिजतातही आधी त्याच.

तो निकामी का होतो?

गिअरबॉक्स एका दिवसात मरत नाही. महिनोन्महिने तो सांगत असतो. दुसरा किंवा तिसरा गिअर टाकताना खरखर होणे, उतारावर पाय सोडला की गिअर आपोआप न्यूट्रलला येणे, न्यूट्रलमध्ये घरघर होणे आणि क्लच दाबला की ती थांबणे, गाडी उभी राहते तिथे तेलाचा डाग पडणे, ही त्याची भाषा. घरघर क्लच दाबल्यावर थांबली तर बहुधा इनपुट शाफ्टचे बेअरिंग गेलेले असते. दाबल्यावरच सुरू झाली तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर जातो.

कारणे तीन-चारच असतात. पहिले, तेल. ऑइल सीलमधून ते थेंबथेंब गळते आणि पातळी कुणी पाहत नाही. चुकीचे तेल घातले तरी नुकसान होतेच. जीएल-५ दर्जाच्या काही तेलांतील गंधकयुक्त रसायने पितळी रिंगांना मानवत नाहीत, त्यामुळे कंपनीने सांगितलेला दर्जा डोळ्यांआड करून चालत नाही. दुसरे, क्लच. तो पूर्ण सुटत नसेल तर प्रत्येक गिअर जबरदस्तीने पडतो आणि रिंगा खाल्ल्या जातात. तिसरे, पाणी. पालघर जिल्ह्यात पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचणे नवे नाही. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात बुडाला की तो थंड होताना वरच्या श्वासनळीतून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसले तर हेच घडले असे समजावे. चौथे, उभी राहिलेली गाडी. २०२०च्या टाळेबंदीत आणि नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील संपात राज्यभर हजारो गाड्या महिनोन्महिने उभ्या होत्या. उभ्या गाडीत तेल खाली बसते, वरची बेअरिंगे कोरडी पडतात, सील कडक होतात. चिंचणी-तारापूर-डहाणूच्या खाऱ्या हवेत गंजही लवकर धरतो.

घाटात धोका किती?

बसमध्ये ब्रेक असतात, मग गिअर निसटल्याने काय बिघडते, असे अनेकांना वाटते. घाट उतरताना चालक गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतो, म्हणजे इंजिनच चाकांना रोखून धरते. गिअर निसटला की हा आधार क्षणात जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवले की ड्रम तापतात आणि पकड कमी होत जाते. पालघर किंवा बोईसरहून जव्हार-मोखाडामार्गे नाशिककडे जाणाऱ्या गाडीला तोरंगणसारखा घाट लागतो. अशा रस्त्यावर ‘तिसरा थोडा सुटतो, हात धरून ठेवा’ असे सांगून गाडी चालकाच्या ताब्यात देणे म्हणजे भरल्या गाडीचा जीव एका माणसाच्या मनगटावर टांगणे होय.

बदलण्याचे काम कसे चालते?

गाडी पिटवर घेऊन चाकांना उटी लावतात. बॅटरीची तार सोडतात, तेल काढतात. काढलेले तेल फेकून द्यायचे नसते. त्यात लोखंडी कपच्या आल्या तर गिअरचे दात किंवा बेअरिंग तुटले आहे, पिवळी चमक दिसली तर सिंक्रो रिंगा झिजल्या आहेत. पुढचे निम्मे निदान इथेच होते. मग प्रॉपेलर शाफ्टवर खूण करून तो सोडवतात. ती खूण न करता तो उलटा बसवला तर गाडी वेगात थरथरते. गिअरचे दांडे, क्लचची जोडणी आणि स्पीडोमीटरची तार वेगळी होते. बसचा गिअरबॉक्स शंभर किलोच्या पुढेमागे असतो, म्हणून तो जॅकवरच उतरवायला हवा. दोघा-तिघांनी छातीवर घेऊन तो खाली उतरवण्याची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. ती कौतुकाची नव्हे, अपघाताची गोष्ट आहे.

तो खाली आला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलच्या मध्यातील छोटे बेअरिंग आणि इंजिनाचा मागचा ऑइल सील समोर दिसतात. ते त्याच वेळी तपासून, झिजले असतील तर बदलायला हवेत. क्लच प्लेट वाचवून नवा गिअरबॉक्स चढवला तर काही महिन्यांत तेच सगळे काम पुन्हा करावे लागते. नवा किंवा दुरुस्त केलेला गिअरबॉक्स बसवण्यापूर्वी इनपुट शाफ्टच्या खाचा, गिअरचे गुणोत्तर, बोल्टची ठिकाणे आणि मागचा फ्लँज जुळतो का, हे पाहावे लागते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत यातले काहीतरी वेगळे असू शकते. बोल्ट ओढून गिअरबॉक्स जागेवर आणण्याचा मोह टाळायचा. शाफ्ट आपोआप आत सरकला नाही तर क्लच प्लेट मध्यावर नाही असे समजायचे. शेवटी तेल भरून, रिकामी गाडी चालवून, सगळे गिअर चढावर आणि उतारावर तपासून मगच प्रवासी बसवायचे.

मग आगारात गाड्या का अडकतात?

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटी धावू लागली, तेव्हा तिच्या ताफ्यात फोर्ड, बेडफर्ड, अल्बियन, लेलँड अशा अनेक कंपन्यांच्या गाड्या होत्या. इतक्या तऱ्हांचे सुटे भाग जवळ ठेवणे कुणालाही परवडण्यासारखे नव्हते. पुढे टाटा आणि अशोक लेलँड या दोन नावांवर बहुतेक ताफा आला आणि एका गाडीचा गिअरबॉक्स दुसरीला चढवणे शक्य झाले. आगारात रोजची देखभाल, विभागीय कार्यशाळेत मोठी दुरुस्ती आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत बांधणी अशी एसटीची उतरंड आहे. या व्यवस्थेचा गाभा सोपा आहे: दुरुस्त केलेला गिअरबॉक्स तयार ठेवायचा, बिघडलेला काढून तो चढवायचा आणि बिघडलेला सवडीने दुरुस्त करायचा. असे झाले तर गाडी एक-दोन दिवसांत मार्गावर येते. तयार गिअरबॉक्स नसेल तर गाडी पिटशेजारी उभी राहते, आणि हळूहळू तिचेच भाग दुसऱ्या गाड्यांना लागू लागतात. सहा महिन्यांनी ती दुरुस्तीपलीकडची ठरते.

औद्योगिक वसाहतीत कामगारांची ने-आण करणाऱ्या जुन्या खासगी बसगाड्यांचे दुखणे वेगळे. तिथे मालक बहुधा भंगार बाजारातून जुना गिअरबॉक्स आणतो. तो उघडून न पाहता चढवला तर दुसऱ्याचा आजार विकत घेतल्यासारखे होते. झाकण काढून दात पाहणे, शाफ्ट हलवून बेअरिंगची ढिलाई पाहणे आणि सगळे सील व सिंक्रो रिंगा नव्या घालणे, एवढे तरी व्हायलाच हवे.

कायदा काय म्हणतो?

केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. पण ती दुचाकींना आणि चालकाखेरीज आठपर्यंत आसने असलेल्या चारचाकींना. बस त्यात बसत नाही. म्हणजे एखाद्या हौशी माणसाने जुनी एसटी जपायची ठरवली तरी तिला हा दर्जा नाही. दुसरीकडे, १ एप्रिल २०२३ पासून राज्य परिवहन महामंडळांसह सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी रद्द झाली आहे. त्यामुळे १३-१४ वर्षांच्या एसटीवर नवा गिअरबॉक्स चढवताना तो किती दिवस कामी येणार, हा हिशेब करावाच लागतो. आठ वर्षांनंतर प्रवासी वाहनाचे फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, पण त्या तपासणीचा भर ब्रेक, दिवे, स्टिअरिंग आणि धूर यांवर असतो. गिअरबॉक्स उघडून कुणी पाहत नाही.

बदलावा की मोडीत काढावी?

सरसकट उत्तर नाही, पण निकष स्पष्ट ठेवता येतात. गाडीची चौकट गंजलेली नसेल, इंजिन धड असेल आणि तीन-चार वर्षांचे आयुष्य उरले असेल, तर गिअरबॉक्स बदलणे शहाणपणाचे. वर्ष-दीड वर्षच उरले असेल, तर नवा विकत घेण्याऐवजी मोडीत निघालेल्या गाडीचा दुरुस्त केलेला गिअरबॉक्स चढवावा. चौकटच खचली असेल, तर तिच्यावर खर्च करू नये. तिचे चांगले भाग वेळेत, नोंद करून काढून घ्यावेत. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे लागू झाले आणि एसटीला गर्दी वाढली. नव्या गाड्या ताफ्यात येत आहेत हे खरे, पण त्या पहिल्या दिवशी मोखाड्याच्या मुक्कामी फेऱ्यावर जाणार नाहीत. तिथला भार पुढची काही वर्षे जुन्याच गाड्यांवर राहील.

म्हणून मागण्या साध्या आहेत. पालघर विभागात वापरात असलेल्या प्रत्येक मॉडेलचा किमान एक दुरुस्त गिअरबॉक्स कायम तयार असावा. चालकाने ‘गिअर सुटतो’ असे लिहून दिले तर दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी घाटाच्या मार्गावर पाठवू नये. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर गिअरबॉक्सचे तेल तपासल्याची तारीख गाडीच्या नोंदीत असावी. आणि मार्गस्थ बिघाडांची आगारनिहाय, कारणासह आकडेवारी दरमहा स्थानकातील फलकावर लागावी. गाडी का आली नाही, हे फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला कळण्याचा अधिकार आहे. तेलाची पातळी पाहायला पाच मिनिटे लागतात. ती न पाहिल्याची किंमत आगार चुकवत नाही, मोखाड्याच्या थांब्यावर उभे असलेले प्रवासी चुकवतात.