मदरबोर्ड बदलला म्हणून फॉरमॅट कशाला?

मदरबोर्ड बदलला की डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकायची, हा दुरुस्तीच्या धंद्यातला जवळजवळ अलिखित नियम आहे. जुनी डिस्क तशीच नव्या बोर्डाला जोडण्याविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. मशीन सुरूच होणार नाही. झाले तरी जुन्या ड्रायव्हरांमुळे अडखळत राहील. आणि लायसन्स जाईल. पहिला आक्षेप एके काळी शंभर टक्के खरा होता, दुसरा अर्धामुर्धा खरा आहे, आणि तिसऱ्याचा फॉरमॅटशी काहीच संबंध नाही.

पहिल्याचे मूळ २००१ च्या विंडोज एक्सपीत आहे. एक्सपी बसवतानाच डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर त्या बोर्डापुरता ठरून जाई. ती डिस्क वेगळ्या चिपसेटच्या बोर्डावर नेली की विंडोजचे चिन्ह क्षणभर दिसे आणि ‘७बी’ क्रमांकाची निळी स्क्रीन येई. सुरुवातीचा लोडर बायोसच्या मदतीने डिस्क वाचत असे. पुढे विंडोजला ती स्वतः वाचायची वेळ आली की योग्य ड्रायव्हर हाताशी नसे. तो असलाच तर त्याच डिस्कवर, म्हणजे किल्ली आत आणि दार बंद! विंडोज सेव्हनमध्येही हा दोष होता, फक्त रजिस्ट्रीतला एक आकडा बदलून तो टाळता येई. २०१२ च्या विंडोज एटपासून चित्र पालटले. एएचसीआय आणि पुढे एनव्हीएमई या डिस्क जोडण्याच्या सर्वसाधारण पद्धतींचे ड्रायव्हर विंडोजबरोबरच येतात, आणि नव्या बोर्डावर पहिल्यांदा सुरू होताना विंडोज उपकरणे ओळखून घेते, एखाददुसरा रीस्टार्ट मारते आणि डेस्कटॉप दाखवते.

मग आजही काही मशीन अडतात, ती का? बहुतेक वेळा गाडी विंडोजपर्यंत पोचलेलीच नसते. बायोसची जागा घेतलेल्या यूईएफआयच्या बोर्डावर ‘कोणत्या फाइलपासून सुरुवात करायची’ ही नोंद डिस्कवर नसून बोर्डाच्या स्वतःच्या स्मृतीत असते. नव्या बोर्डाला ती ठाऊक नसते, म्हणून तो डिस्कवरची ठरावीक पर्यायी फाइल शोधतो. विंडोज ती सहसा ठेवतेच. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असेल आणि नवा बोर्ड केवळ यूईएफआय मानणारा असेल, तर मात्र काहीच सापडत नाही. त्यासाठी २०१७ पासून विंडोज टेनमध्येच एमबीआर२जीपीटी हे साधन आहे. ते माहिती न पुसता डिस्कची मांडणी बदलते. तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर नकार देते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच बोर्डांवर व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि तिच्या आड डिस्क दिसेनाशी होते. साध्या एका डिस्कच्या मशीनला तिची गरज नसते. सेटअपमध्ये ती बंद केली की काम भागते.

डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या बिटलॉकरची गोष्ट वेगळी. त्याची किल्ली टीपीएम या सुरक्षा-चिपमध्ये असते आणि टीपीएम बोर्डाबरोबर किंवा प्रोसेसरबरोबर बदलते. नव्या बोर्डावर निळ्या पडद्यावर सहा-सहा अंकांचे आठ गट, एकूण ४८ अंक मागितले जातात. ते जवळ नसले तर फॉरमॅटने मशीन चालू होईल, पण माहिती कायमची जाईल. म्हणून जुना बोर्ड चालू असतानाच एन्क्रिप्शन काढावे, निदान ती रिकव्हरी की कागदावर उतरवावी. लॉगिनचा चार आकडी पिनही सहसा टीपीएमला बांधलेला असतो. तो नव्या बोर्डावर चालत नाही, आणि मग वर्षानुवर्षे न वापरलेला पासवर्ड आठवावा लागतो.

दुसरा आक्षेप जुन्या ड्रायव्हरांचा. जे उपकरण मशीनमध्ये नाही, त्याचा ड्रायव्हर साधारणपणे चालवला जात नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवायला सांगितली की ती फिकट दिसतात. हवी तर काढावीत. खरा त्रास बोर्ड कंपनीच्या पंखे नि दिवे नियंत्रित करणाऱ्या प्रोग्रामांचा. ते आधीच काढलेले बरे. नेटवर्कचा एक चकवाही ध्यानात असावा. नवे लॅन कार्ड विंडोजच्या लेखी नवे असते, त्यामुळे हाताने दिलेला आयपी पत्ता जुन्या, आता अदृश्य कार्डाच्या नावावर राहतो. तोच पत्ता नव्या कार्डाला देऊ गेल्यास तो आधीच दिलेला असल्याची सूचना येते. शिवाय नव्या लॅन कार्डाचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नसला तर इंटरनेटही नाही. तो आधीच पेन ड्राइव्हवर घेतलेला असावा.

लायसन्सचे काय? मशीनबरोबर आलेले ओईएम लायसन्स मूळ बोर्डाशी जोडलेले असते, सुटे विकत घेतलेले रिटेल लायसन्स दुसऱ्या मशीनवर नेता येते. २०१६ पासून डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येते आणि बोर्ड बदलल्यावर ॲक्टिव्हेशनच्या मदतनीसातून पुन्हा मागता येते. पण फॉरमॅट मारला तरी बोर्ड नवाच राहणार आणि लायसन्सचा प्रश्नही तसाच. त्यामुळे हा आक्षेप डिस्क हलवण्याविरुद्ध लागूच पडत नाही.

उलट फॉरमॅटची किंमत कोणी मोजत नाही. हिशेबनिसाच्या मशीनवर टॅली, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटरची शेअरिंग. छपाईवाल्याकडे जुन्या मराठी फॉन्टांचा संच आणि त्याला जुळवलेला कीबोर्ड. बॅकअपमधून फाइली परत येतात, ही घडी येत नाही. लिनक्सवाल्यांना तर हा वादच परका वाटेल. डेबियनची सुरुवातीची प्रतिमा बहुतेक ड्रायव्हर सोबत घेऊनच तयार होते. नवा बोर्ड आला तर फार तर नेटवर्क कार्डाचे नाव बदलते.

नव्याने टाकणे जिथे योग्य, त्या जागाही आहेत. विंडोज आधीच व्हायरसने पोखरलेली असेल, किंवा ३२ बिटची असून ६४ बिटवर जायचे असेल, तर डिस्क हलवून काही साधत नाही. विंडोज सेव्हन इंटेलच्या सहाव्या पिढीच्या किंवा पुढच्या बोर्डावर नेली, तर तिच्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही. लॉगिनचा पडदा येतो, पण यूएसबीवरचे कीबोर्ड आणि माऊस दोन्ही निपचित पडलेले असतात.