माहेर किती तासांवर?

मुलगी रायपूरला दिली असे सांगितले की मुंबईकडच्या बायका हमखास म्हणतात, "अगं बाई, एवढ्या लांब!" खरे तर छत्तीसगढ मराठी माणसाला परके नाही. बिंबाजी भोसले यांनी १७५८पासून रतनपूरला राहून तेथला कारभार पाहिला. रायपुरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. काळजी असते ती एकच: अडीअडचणीला वेळेवर पोहोचता येईल का?

१८७७ साली नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, लहानपणी रायपूरला आले. तेव्हा तिथवर रेल्वे नव्हती. शेवटचा प्रवास बैलगाडीचा होता आणि त्यात कित्येक दिवस गेले. त्यांचेच नाव २०१२ साली रायपूरच्या विमानतळाला देण्यात आले.

मुंबई ते रायपूर हे हवाई अंतर सुमारे ९५० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटर वेगाचे विमान सव्वा तासात पोहोचायला हवे, पण वेळापत्रकात पावणेदोन-दोन तास दिसतात. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे यांत वेळ जातोच. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. त्यामुळे रायपूरला जाताना थोडा वेळ वाचतो आणि परतताना तो भरून द्यावा लागतो.

पण प्रवास विमानतळावर सुरू होत नाही, तो घराच्या उंबरठ्यावर सुरू होतो. समजा, तुम्ही डोंबिवलीला राहता. विमानतळ गाठायला दीड तास, तेथे दोन तास आधी हजेरी, विमानात दोन तास, सामान मिळायला अर्धा तास आणि मानाहून रायपूर शहरात जायला पाऊण तास. बेरीज झाली पावणेसात तास! तरीही रेल्वेच्या सोळा ते वीस तासांपुढे विमान सरसच. मात्र तिकीट थेट विमानाचे आहे ना, हे नीट पाहा. दिल्ली किंवा हैदराबादला विमान बदलावे लागले तर हाच प्रवास दहा-बारा तासांवर जाऊ शकतो.

नागपूरकरांचे गणित अगदी उलट आहे. रायपूर तेथून रेल्वेने जेमतेम ३०० किलोमीटर. मुंबई-हावडा हा मुख्य मार्ग असल्याने गाड्या दिवसरात्र असतात. डिसेंबर २०२२मध्ये सुरू झालेली वंदे भारत सुमारे चार तासांत पोहोचवते. विमान तासाभरात जरी नेईल, तरी दोन्हीकडची ये-जा आणि थांबणे धरले की गाडीच आधी पोहोचते.

म्हणून सासर-माहेर दूर असलेल्यांनी तीन गोष्टी आधीच माहीत करून घ्याव्यात: थेट विमान कोणत्या वारी व किती वाजता सुटते, दिवसातले शेवटचे विमान कोणते आणि ते चुकल्यास लगेच मिळणारी गाडी कोणती. विमानाची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, तेव्हा दर सहा महिन्यांनी पुन्हा चौकशी करावी. घरात आजारी किंवा वयस्कर माणूस असेल तर दारापासून दारापर्यंतची ही बेरीज आजच कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. मध्यरात्री फोन वाजतो तेव्हा हिशेब करायला कुणाचेच मन थाऱ्यावर नसते.