पडद्यावरचा काळा डाग

मोबाईलच्या पडद्यावर काळा डाग पडला की पुढचा क्रम आपल्या घरांत बहुधा ठरलेला असतो. डाग प्रथम मुलांना दिसतो. मुले तो वडिलांपासून लपवतात. आठ-पंधरा दिवसांत अर्धा पडदा काळवंडतो, आणि मग रागावण्याचा कार्यक्रम यथासांग पार पडतो. वडीलधाऱ्यांच्या रागावण्याच्या अधिकाराविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु त्या रागाच्या भयानेच हे आठ-पंधरा दिवस वाया जातात आणि खरे नुकसान त्याच दिवसांत होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे का होते, ते समजण्यासाठी पडद्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. सन १८८८ मध्ये प्राग येथे फ्रिडरिश राइनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञास एक चमत्कारिक पदार्थ आढळला. तो १४५ अंशांवर वितळून गढूळ होई आणि १७८ अंशांच्या पुढे एकदम निवळे. द्रवासारखा वाहणारा, तथापि स्फटिकासारखी शिस्त पाळणारा असा हा द्रवस्फटिक होय. (या विषयात आपला देशही मागे नव्हता. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले.) एलसीडी पडद्यात दोन काचांच्या मध्ये असल्याच द्रवाचा अत्यंत पातळ थर असतो. आतली काच तडकली की तो द्रव जागा सोडतो, आणि शाई सांडावी तसा डाग दिसू लागतो. ओएलईडी पडद्याची तऱ्हा निराळी. त्यातील सेंद्रिय पदार्थ स्वतःच प्रकाशतात. मात्र त्यांना हवेतील ओलावा व प्राणवायू मुळीच सोसत नाही. सूक्ष्म तडा गेला की ओल आत शिरते, तेवढी जागा विझते, आणि ओल शिरतच राहिल्यामुळे डाग पसरत जातो. वरची काच अभंग असूनही हे घडते, म्हणून 'फोन पडलाच नाही' असे सांगणारा मुलगा खोटेच बोलत असेल असे नाही. मागच्या खिशात फोन ठेवून बसल्यानेही एवढा दाब पडू शकतो.

प्रत्येक ठिपका मात्र भयंकर नसतो. १०८० गुणिले २४०० बिंदूंच्या पडद्यावर २५,९२,००० बिंदू असतात. त्यांतील एखादा विझला तर तो खुशाल विसरावा. वाढणारा डाग निराळा. बोलपेनाने त्याची कडा वहीत काढून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी ताडून पाहावी. दोष पडद्यात आहे की आतल्या कार्यक्रमात, हे पाहण्याची युक्तीही सोपी आहे: स्क्रीनशॉट काढून तो दुसऱ्या फोनवर पाठवावा. तेथे डाग दिसला नाही, तर बिघाड पडद्याचाच. पडदा एका बाजूने उचलल्यासारखा दिसत असेल, तर मात्र आतली बॅटरी फुगली असण्याचा संभव आहे. असा फोन चार्जिंगला लावू नये, दाबू नये, उशाशी तर मुळीच घेऊ नये.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. इचोड्यासारख्या गावात एका घरात पुष्कळदा एकच चांगला फोन असतो. बँकेचा निरोप त्यावर येतो, मुलीचा अभ्यास त्यावर होतो, गेलेल्या आजीचे छायाचित्र त्यातच असते. २०२५ सालापासून हमीभावाने कापूस विकण्यासाठी भारतीय कापूस महामंडळाच्या 'कपास किसान' या अ‍ॅपवर नोंदणी आली. ज्या आदिलाबाद जिल्ह्याची वर्षाची कमाई कापसावर अवलंबून, तेथे फोन बंद पडणे ही केवळ करमणुकीची हानी राहिलेली नाही. शिवाय फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला की गुप्त अंक मागतो, तेथे बोटाचा ठसा चालत नाही. आणि स्पर्श मेलेल्या पडद्यावर अंक टाकणार कसे? आत सारे सुरक्षित असते, पण दाराला कुलूप आणि किल्ली आतच!

म्हणून डाग दिसेल त्याच दिवशी छायाचित्रे व कागदपत्रे मेमरी कार्डावर अथवा दुसऱ्या फोनवर उतरवून घ्यावीत, महत्त्वाचे क्रमांक वहीत लिहावेत. सिमकार्ड दुसऱ्या साध्या फोनात घातले तरी बँकेचे निरोप येत राहतात. हे काम अर्ध्या तासाचे आहे. पण ते करण्यासाठी घरात कोणीतरी 'डाग पडला' असे निर्भयपणे म्हणू शकले पाहिजे. आमच्या मते ही जबाबदारी मुलांपेक्षा पालकांची अधिक आहे.

घरगुती उपायांविषयी काय सांगावे! डाग अंगठ्याने चोळणे, केस वाळवण्याच्या यंत्राने शेकणे, फोन तांदळात पुरून ठेवणे, या साऱ्यांची कीर्ती मोठी आणि फळ शून्य. दाबल्याने तडा वाढतो. तांदळाचे कण फोनात शिरून अपाय होऊ शकतो, असे अ‍ॅपल कंपनीने २०२४ साली सांगितले आहे. रंग भराभर बदलणारे व्हिडिओ एका रंगावर अडकलेल्या बिंदूला क्वचित जागे करतात. सांडलेल्या डागापुढे त्यांचे काही चालत नाही.

उरते दुकान. काच, स्पर्शथर आणि पडदा बहुतेक फोनांत एकमेकांस चिकटवलेले असतात, म्हणून डाग करंगळीएवढा असला तरी सबंध डिस्प्ले बदलावा लागतो. खर्च ऐकून पालक दचकतात ते याच कारणाने. तेव्हा भाग मूळ कंपनीचा की नकली, ओएलईडीच्या जागी स्वस्त एलसीडी तर बसवत नाहीत ना, हमी किती दिवसांची, हे विचारून पावती घ्यावी. काम समोर बसून करवून घ्यावे, आणि गुप्त अंक सांगण्याची वेळ आली तर तो नंतर बदलावा. दुरुस्तीविषयीची माहिती ग्राहकास एके ठिकाणी मिळावी म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' संकेतस्थळ सुरू केले आहे; वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी ते घरच्यांना उघडून दाखवावे. दुरुस्तीचा खर्च फोनच्या किमतीच्या जवळ जात असेल आणि डाग एका कोपऱ्यात थांबलेला असेल, तर तोच फोन धडे ऐकण्यासाठी ठेवून बँकेचे व्यवहार दुसरीकडे हलवणे आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटते.